सारजा कुणाची?

आमच्या गावात जत्रेला सोंग काढायचं तर आधी भंडारा उचलावा लागतो. देवळात पंचांपुढं उभं राहायचं, सोंगात कोण माणूस आहे ते सगळं सांगायचं, मग ताटातला भंडारा मुठीत घेऊन म्हणायचं, 'हे सोंग कुणाचं न्हाई.'

ही चाल उगाच पडलेली नाही. माझ्या लहानपणी एका बहाद्दरानं तेव्हाच्या पाटलाचं सोंग काढलं, तपकीर ओढायच्या ढबीसकट. लोक हसून हसून मातीत लोळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन आळ्यांत काठ्या निघाल्या. तिघांची डोकी फुटली. तेव्हा पंचांनी ठरवलं, सोंग काढा, पण माणूस नवा पाहिजे. जगात नसलेला. तो कुठनं आणायचा ते ज्याचं त्यानं बघावं.

गेली बावीस वर्षं तो माणूस धर्माजी आणतो.

धर्माजी चाकणच्या एमआयडीसीत गिअरच्या कंपनीत पॅकिंगला आहे. पंचावन्न वय, अंगानं काटकुळा, बोलायला कमी. मी त्याच कंपनीत, त्याच बसला. माणूस घडवायचं त्याचं काम सगळं त्या बसमध्ये चालतं. पहिल्या शिफ्टला बाकीचे माना टाकून झोपलेले असतात आणि हा खाली वाकून लोकांच्या पायांकडं बघत बसतो.

"सोंग पायापासनं चढवायचं," असं त्याचं म्हणणं. "तोंड समदेच बघत्यात, म्हणून माणूस तोंड सांभाळतो. पाय कोण सांभाळतंय?"

पायताण ठरलं की मग खोटं. हा माणूस रोज कंचं खोटं बोलतो, हे सापडेपर्यंत तो पुढं सरकत नाही. नाव सगळ्यात शेवटी. निवडणूक झाली की चार गावच्या मतदार याद्या तो शाळेतनं मागून आणतो आणि चष्मा लावून एकेक पान चाळतो. चार गावांत ज्या नावाचं माणूस नाही तेच नाव घेतो.

इतकं करूनही दरसाल कुणीतरी रुसतंच. मागं त्यानं एक हेल्पर घडवला होता, जो घरी जेवतानाही सेफ्टी शूज काढत नाही. त्यावरून आमच्या शॉपमधल्या तिघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यातला एक तर कंपनीतही चपलेवर फिरायचा. त्याला राग कशाचा आला, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

यंदा सारजा आली.

तळेगाव चौकात बस अडकली होती. धर्माजी एकाएकी म्हणाला, "एक म्हातारी हाय. पोराच्या जुन्या सँडला घालती. म्हायेराच्या बांधाला आली की काढून हातात घेती."

"का?"

"ठावं न्हाई अजून. काढती एवढं खरं."

चार दिवसांनी तिचं खोटं सापडलं. सासरी ती सगळ्यांना सांगते, भावांचा रोज फोन येतो. फोन कधीच येत नाही. आणि एक दिवस येतो. सही करायला ये म्हणून.

सही कसली ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. जमिनीला भाव आला, कायद्यानं बहिणीचाही वाटा आला, तशी हक्कसोडही आली. बहिणीला बोलवायचं, पुरणपोळी घालायची, कुंकू लावून साडी द्यायची आणि कागदावर तिची सही घ्यायची, की माझा हिस्सा मी राजीखुशीनं सोडला. घरोघर झालंय. घरोघर झालंय म्हणून कुणी नाव ठेवत नाही, आणि कुणी त्यावर तोंडही उघडत नाही.

तर लग्नाला चाळीस वर्षं झालेली सारजा माहेरी येते, सही करते, साडी काखेत मारते आणि निघताना भावांना विचारते, "बांधावरच्या आंब्याचा कागूद निराळा असतो का रं? त्यो ऱ्हायला वाटतं."

एवढं सोंग. दहा मिनिटांचं.

जत्रेच्या आठ दिवस आधी त्यानं ते देवळात पंचांना सांगितलं. एरवी पंच हसतात. या वेळी कुणी हसलं नाही. हिंदुराव, माजी सरपंच आणि पंचांतला मुख्य, मिशीवरनं दोनदा बोट फिरवून म्हणाला, "कोण म्हणायची ही?"

"कुणी न्हाई. घडवली."

"घडवली म्हंजी? मडकं हाय का घडवाया? कंच्या साली दिलेली?"

"आवं, ती जगातच न्हाई तर साल कुठलं?"

"मंग चाळीस कशावरनं म्हणतो? तीस का न्हाई?"

धर्माजीनं भंडाऱ्याचं ताट जवळ ओढलं. मूठ भरली. "सारजा कुणाची न्हाई. असंल तर पुन्यांदा या देवाम्होरं सोंग धरणार न्हाई." एवढं मोठं तो कधी बोलला नव्हता. पंचांच्या नजरा पाहून बोलला असावा. पण बोलला. बावीस वर्षांची सोंगं त्यानं त्या मुठीत धरली.

दुसऱ्या दिवशी हिंदुरावानं त्याच्यासमोर बुलेट आडवी घातली.

"आमची आक्का तुला कुठं घावली?"

"कंची आक्का?"

"जुन्नरला दिलेली. बांधाला आली की चपला हातात घेती ती."

"घेती?" धर्माजीचे डोळे लखलखले. "का घेती?"

"मलाच इचारतो व्हय रं!" हिंदुरावानं बुलेटला किक मारली. त्याचा संशय आता पक्का झाला.

मग भिमाजी दूधवाला आला. आमच्या बहिणीनं, छबूबाईनं, तुझ्या कानात आंब्याचं घातलं का, म्हणून. मग आणखी दोघं. बांधावर आंबा असलेली गावात चौदा घरं आहेत, आणि चौदाही घरांनी एकमेकांना न कळता धर्माजीला गाठलं. प्रत्येकानं आधी विचारलं, कुणी सांगितलं? आणि विचारता विचारता जे कुणाला सांगायचं नव्हतं तेच सांगून टाकलं. कुणाच्या बहिणीनं सही करताना पेन दोनदा खाली ठेवला होता, कुणाच्या आत्याला कागद वाचूनच दाखवला नव्हता. धर्माजी ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मला ह्ये काय ठावं न्हवतं." ते काही कुणी मानलं नाही.

पंधरावा आला त्याचा सख्खा भाऊ.

सोपानराव धर्माजीहून पाच वर्षांनी थोरला. दोघांची चूल वेगळी, जमीन एकत्र. सातबाऱ्यावर तीन नावं, दोघा भावांची आणि रहाटणीला दिलेल्या थोरल्या बहिणीचं, ठकुबाईचं. गोडाऊनसाठी जमीन मागणारी पार्टी आली होती आणि तिची अट एकच, नावं कमी करा. जत्रा झाल्यावर येणाऱ्या बुधवारी हक्कसोड धरली होती. ठकुबाई फोनवर 'येते' म्हणाली होती. एका शब्दाच्या पुढं गेली नव्हती.

"आक्काचा फोन येतो का तुला?" सोपानरावानं दारातूनच विचारलं. मी तिथंच चहा पीत होतो.

"न्हाई. का?"

"मंग ही सारजा मधीच कुठनं उगवली? बुधवार चार दिसांवर असताना?"

"दादा, ती आक्का न्हाई. आक्का रबरी चप्पल घालती, ही सँडल घालती. आन् आपल्या बांधाला आंबा तरी हाय का? बोर हाय. म्हणून तर आंबा घातला, कुणी आपलं नाव घेऊ नये."

"म्हणून घातला?"

"म्हणून."

सोपानराव त्याच्याकडं बघायला लागला. विहिरीत पडलेली वस्तू तळाला दिसते का म्हणून बघावं, तसा. मग म्हणाला, "शेवटी ती सही करती ना? तुझी म्हातारी?"

"करती."

"आयत्या वक्ताला फिरायची न्हाई?"

"करती म्हणलं ना."

"मंग चालू दे. आक्काला बी बोलव. बसू दे म्होरं." आणि कपातला चहा तसाच ठेवून गेला.

धर्माजी सुट्टीच्या दिवशी रहाटणीला गेला. ठकुबाई मुलाच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर असते. सहासष्टची आहे, पण कान आणि जीभ दोन्ही तिखट. मेथी निवडत होती. त्यानं पंचांना सांगितलं तसं सगळं सोंग तिलाही सांगितलं. तिनं जुडी संपेपर्यंत वर बघितलं नाही.

"सही कशी करायची त्ये शिकवाया बोलावतो व्हय मला?"

"आक्का, ती तू न्हाईस."

"मी कुठं म्हणलं मी हाय म्हणून? सोपानानं धाडलं का तुला?"

"मीच आलो."

"त्ये बी त्यानंच सांगितलं असंल, मीच आलो म्हण म्हणून." तिनं मेथीच्या काड्या गोळा केल्या. "आन् तुझा बी वाटा वाढतोय की रं धर्मा. एकट्या सोपानाचा थोडाच वाढतोय."

धर्माजीनं चपला घातल्या. परत आल्यावर मला म्हणाला, "दादाला वाटतंय मी आक्काचा माणूस. आक्काला वाटतंय मी दादाचा."

"आणि तू कुणाचा?"

"मी सारजाचा," म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावरनं पुढचं सगळं झालं. सोंगात साडी द्यायची तर नवी पाहिजे, घडी न मोडलेली. जुनी धुतलेली साडी लांबून ओळखू येते. धर्माजीची बायको वारून सहा वर्षं झाली, म्हणून त्यानं भावजयीकडं, कस्तुराकडं मागितली. कस्तुराच्या कपाटात नवी साडी एकच होती. जांभळी, मोरपंखी काठाची. बुधवारी नणंदेला द्यायला आणलेली. कस्तुरा काटकसरीची बाई. तिनं मनाशी म्हटलं, दोन मिनिटं हातातच तर धरायची आहे, जाते कुठं.

"घडी मोडू नका, भावजी," एवढंच सांगितलं. कुणाची आहे हे तिनं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही.

जत्रेची रात्र आता ऑर्केस्ट्रावाल्यांची असते. सोंगाला वेळ मिळतो दुसऱ्या दिवशी चारचा, कुस्त्यांच्या आधी. धर्माजी नऊवारीत आला, पायात दोन माप मोठ्या सँडला. मैदानाच्या कडेला थांबून त्यानं त्या काढल्या, एकमेकींवर आपटून माती झटकली आणि छातीशी धरून आत आला. लोक सोंगाकडं बघतच नव्हते. शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघत होते. हिंदुराव भिमाजीकडं बघत होता, भिमाजी हिंदुरावाकडं. सोपानराव बायकांच्या बाजूला बघत होता, तिथं पहिल्या रांगेत ठकुबाई हनुवटीला पदर लावून बसलेली.

सारजानं सही केली. साडी घेतली. आंब्याचं विचारलं.

तेव्हा एकच माणूस हसलं. बायकांच्या बाजूनं, खणखणीत. ठकुबाई.

रिवाजाप्रमाणं पुजाऱ्यानं सोंगावर भंडारा उधळला. धर्माजी पिवळा झाला, हातातली साडी पिवळी झाली. कस्तुरानं ती घरी नेऊन झटकली, काठ ओल्या फडक्यानं पुसला आणि पिशवीत घालून कपाटात ठेवली.

बुधवारी मी साक्षीदार होतो. एका साक्षीदारावर भागत नाही म्हणून भिमाजीलाही घेतलं होतं. रजिस्टर ऑफिसच्या बाहेर लिंबाखाली कागद करणाऱ्याचं टेबल आहे. आधी साडी, मग सही, अशी रीत. कस्तुरानं नणंदेला कुंकू लावलं, ओटी भरली आणि साडी दिली. ठकुबाईनं पिशवी बाजूला ठेवली आणि काठ बघायला वरची घडी उचलली.

आतनं भंडारा सांडला. चिमूटभर असेल. तिच्या फिकट पातळावर पडला.

कस्तुरा खाली बघायला लागली. ठकुबाईनं तो बोटानं टिपला, वास घेतला.

"सारजाचीच का ही?"

धर्माजी म्हणाला, "आक्का, मला ठावं न्हवतं. मी वैनीकडं नवी साडी मागितली. ही तुझी म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

"आन् आंबा? त्यो बी ठावं न्हवता?"

"आपल्या बांधाला आंबा न्हाई, आक्का. बोर हाय."

"आता बोर हाय. आंबा माझ्या लगनात जळाला. जेवणावळीला सरपण पुरंना, म्हणून आबानं हळदीच्या दिशी तोडला. तू चार वर्साचा, आईच्या कडंवर. आंबा दे आंबा दे करून मांडव डोक्यावर घेतला हुतास. सोपानाला इचार. त्यानं फांद्या वढल्या."

धर्माजीनं भावाकडं बघितलं. सोपानराव टेबलावरच्या शिक्क्याकडं बघत होता.

"दादा?"

"हुता," सोपानराव म्हणाला. मग, कुणी विचारलेलं नसताना, "हुता एक."

धर्माजी खाली कट्ट्यावर बसला आणि स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघायला लागला. मला कळलं तो काय बघतोय. सारजा कुणाची असंल तर पुन्यांदा सोंग धरणार न्हाई, असं त्या हातानं म्हटलं होतं.

ठकुबाई रडली बिडली नाही. साडी तिनं होती त्याच घड्यांवर घातली आणि धर्माजीच्या मांडीवर ठेवली. "घे. सोंगाची हाय, सोंगाच्या पेटीत ठेव. तुझ्या बाईनं समद्या गावाम्होरं सही केलीया. आता माझी आन् कशाला?"

"आक्का, पार्टी थांबलीया," सोपानराव म्हणाला.

"थांबू दे. तुमी दोघं ठरवून आलाय, मला काय कळंना व्हय? यानं सोंगात सही घ्यायची, तू रजिस्टरात. फकस्त साडी झटकाया इसरलाय."

आणि ओटीतले तांदूळ पदरात तसेच धरून ती रस्त्याकडं गेली. समोर पिंपरीची बस लागलेली होती. मागं वळून बघितलं नाही. रबरी चपला पायातच होत्या.

सोपानरावाचं म्हणणं निराळंच. धर्मानं मुद्दाम घडीत भंडारा घातला, आक्काशी आधी बोलून. त्या दिवसापासून तो भावाशी बोलत नाही. कस्तुरा शपथा घेते, की चूक माझी, साडी मीच दिली. नवरा म्हणतो, तू पण त्यांच्यातलीच. पार्टीनं शेजारच्या शिवारात जमीन बघितली. सातबाऱ्यावर तीन नावं आहेत तशी आहेत.

धर्माजी मात्र गप्प बसला नाही. पुढच्या अमावास्येला पंच देवळात जमले तेव्हा जाऊन उभा राहिला.

"माझा भंडारा खोटा पडला. आमच्या बांधाला बी आंबा हुता, आक्काच्या लगनात तोडलेला. सारजा आमच्याच घरची निघाली. मी सोंग सोडतो."

हिंदुरावानं डोळे बारीक केले. "तुमच्या घरची? ठकुबाई चपला हातात घेती का?"

"न्हाई."

"सासरी फोनाचं खोटं सांगती?"

"न्हाई. फोन येत न्हाई म्हणूनच सांगती समद्यांस्नी."

"मंग कशी तुमची? आंबा काय एकट्या तुमच्याच बांधाला हुता? आमच्या आक्काला तुमच्या घरात ढकलतो व्हय? कुणी सांगितलं रं तुला ह्ये कबूल कराया?"

"कुणी न्हाई."

"त्या दिशी बी कुणी न्हाई, आज बी कुणी न्हाई!"

बाकीच्या पंचांनीही माना हलवल्या. त्यातल्या तिघांच्या बांधाला आंबा आहे. सारजा सोडायला कुणी तयार नव्हतं. पंच म्हणाले, खोटं शाबीत झालेलं नाही, तवा सोंग सोडता येणार नाही. उलट सोडलंस तर आम्ही काय समजायचं ते समजू.

मी एकदा बसमध्ये त्याला सरळ विचारलं. आपण दोघंच आहोत, आता खरं सांग, आंबा आठवत होता का?

"धूर आठवतो," म्हणाला. "पर धूर समद्याच लगनात असतोय."

मला ते पटलं, आणि नाहीही पटलं. बावीस वर्षं लोकांच्या पायांवरून त्यांची खोटी हुडकणाऱ्या माणसाचं खोटं कशावरून हुडकायचं? त्याच्या पायांकडं बघितलं. कंपनीचे सेफ्टी शूज, सगळ्यांसारखे, नाड्या घट्ट बांधलेल्या.

जत्रा पुन्हा जवळ आली आहे. सोंग धरायचं तर मागचा भंडारा डोक्यावर, न धरावं तर पंच डोक्यावर. याद्या त्यानं मागून आणलेल्या आहेत असं शाळेतला शिपाई सांगतो. पण नाव काढायच्या आधी पाय लागतात. सकाळी तो चढतो, खिडकीची जागा धरतो आणि खाली वाकून बघायला लागतो. पूर्वी आमची बस या वेळेला घोरायची. आता धर्माजी चढला की सगळे जागे होतात आणि एकेक करून पाय सीटखाली ओढून घेतात.

मीही घेतो.